गिरणीत बसून जादूच्या गोष्टी कशा वाचाव्यात

गंगाखेडात माझी पिठाची गिरणी आहे. दोन चक्क्या, एक मिरची कांडप आणि दारात एक मोडका बाक. सकाळी आठ ते अकरा अन् संध्याकाळी पाच ते आठ दम खायला वेळ नसतो. मधली दुपार लाइटच्या मर्जीवर. त्या दुपारी मी वाचतो, आणि बारा-तेरा वर्षांपासून वाचतो ते बहुतेक जादूचंच. वेताळ, चेटकिणी, बोलणारे पोपट, उडते झाडू. आधी गिऱ्हाइकं हसायची. आता त्यातलेच दोघं-चौघं पिठाचा डबा सायकलला बांधता बांधता विचारतात, "आम्हालाही वाचावं वाटतं, पण खरं वाटतच नाही. दोन पानांत झोप येते. काय करावं?" दरवेळी मोटरीच्या आवाजात ओरडून सांगण्यापेक्षा एकदाच लिहून ठेवतो.

पहिलं पुस्तक लांबून आणू नका. सोमदेवाचा कथासरित्सागर अकराव्या शतकात काश्मिरात लिहिला गेला हे खरं, पण त्याचं मूळ आपल्याकडचं. गुणाढ्य नावाच्या पंडितानं बृहत्कथा रचली आणि तो पैठणच्या सातवाहन राजाच्या दरबारात होता, असं तो ग्रंथच सांगतो. पैठण म्हणजे जुनं प्रतिष्ठान. वेताळाच्या पंचवीस गोष्टीही त्यातच आहेत, आणि तिथला राजा त्रिविक्रमसेनही गोदावरीकाठच्या प्रतिष्ठानचाच. आमच्या घाटाखालून जाणारं पाणी तिथूनच येतं, म्हणजे जायकवाडीतून सोडलं तर. सांगायचं एवढंच की प्रेत खांद्यावर घेऊन रात्री स्मशानातून चालणारा राजा माझ्या ओळखीच्या मातीतून चालतोय हे कळलं, तेव्हा 'खरं वाटत नाही' ही तक्रार निम्मी तिथंच संपली. मराठीत ह्या गोष्टी वेगवेगळ्या रूपांत मिळतात. लेकरांसाठी छापलेली पातळ पुस्तकंही चालतील. लाजू नका.

उरलेली निम्मी तक्रार संपवायला एक सवय लावून घ्यावी लागते. वाचताना "असं होऊ शकतं का?" हा प्रश्न विचारायचाच नाही. त्याच्या जागी विचारायचं, "बरं, मग घरात काय झालं?" जादू झाली की आपलं सगळं लक्ष जादूकडं जातं. थोडं बाजूला बघा. त्या घरात त्या दिवशी स्वयंपाक झाला का? कोण उपाशी राहिलं? कोणाला बोलणी बसली? चांगला लिहिणारा ह्याचं उत्तर कुठंतरी ठेवतोच. नसेल ठेवलं तर ते पुस्तक मी परत करतो.

आमच्या गावाला हे शिकायला लांब जायची गरजच नाही. जनाबाई गंगाखेडची. लहानपणीच पंढरपुरात दामाशेटींच्या घरी कामाला राहिली, आणि तिच्याबरोबर विठ्ठल दळायला बसायचा, गोवऱ्या वेचायचा, हे इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. पण गोष्टीतला पुढचा भाग बघा. एकदा रात्री उशीर झाला, देव घाईत उठला आणि स्वतःचा शेला समजून जनीची वाकळ घेऊन गेला. शेला अन् गळ्यातलं पदक राहिलं तिच्या झोपडीत. सकाळी आरोप कोणावर? जनीवर. देव आला तरी चोरीचा आळ मोलकरणीवरच येतो. माझा धंदाच दळायचा, त्यामुळं देवानं जातं ओढलं ह्याचं मला कौतुक आहे. पण ती वाकळ माझ्या डोक्यातून जात नाही. देवाच्या अंगावर ठिगळाची वाकळ पांघरणाऱ्या माणसांनी ही गोष्ट रचली, आणि गरिबाच्या घरात वस्तू सापडली तर काय होतं हे त्यांना पुरतं ठाऊक होतं.

असाच एक प्रसंग मी स्वतः वाचलेला नाही, ऐकलेला आहे. एक निवृत्त प्राध्यापक दर पंधरा दिवसांनी पाच किलो ज्वारी आणतात आणि दळण होईस्तोवर बाकावर बसून काहीबाही सांगतात. कोलंबियाचे गाब्रिएल गार्सिया मार्केझ म्हणून लेखक होते; त्यांच्या १९६७ सालच्या कादंबरीत एक देखणी पोरगी भर दिवसा, सगळ्यांदेखत आभाळात निघून जाते. कधी? घरातल्या बाया चादरींच्या घड्या घालत असताना. ती जाते ती चादरींसकट. आणि नंतर घरातली एक बाई देवाकडं काय मागते, तर माझ्या चादरी परत दे. हे ऐकून मी चक्की बंद केली होती, खोटं नाही सांगत. माझ्या चुलतीच्या घरात कोणी स्वर्गात गेलं असतं तर तीही हेच म्हणली असती. प्राध्यापकांनी आणखी एक सांगितलं. मार्केझ म्हणायचे, ही सांगण्याची तऱ्हा त्यांनी आजीकडून घेतली. ती अचाट गोष्टी चेहऱ्यावरची रेघ न हलवता सांगायची.

म्हणून मोठ्यानं वाचताना आवाज घोगरा करू नका, डोळे मोठे करू नका. आपल्या म्हाताऱ्या चकव्याची गोष्ट सांगतात तसं वाचा. माझी आज्जी सांगायची, "रानातून येताना चकवा लागला. त्याच बांधावर तीनदा आले. मग म्हणलं कशाला पाय तोडायचे, बसून राहिले. तांबडं फुटल्यावर समोरच घर. येताना वाटंवरचं शेण उचलून आणलं." भूत आणि शेण एकाच सुरात. ह्या सुरात वाचलं की लेकरं जास्त घाबरतात, अनुभव घेऊन बघा.

आता जादूचा भाव. हे निवडीच्या वेळी उपयोगी पडतं. फुकटची जादू तीन प्रकरणांत विटते. नायकानं हात वर केला अन् सगळं झालं, तर मग पुढं वाचायचं कशाला? चांगल्या गोष्टीत जादूला मर्यादा असते आणि कोणीतरी तिची किंमत मोजतं. हॅरी पॉटरच्या सातव्या भागात एक नियम येतो: जादूनं हवेतून अन्न तयार करता येत नाही. असलेलं वाढवता येतं, लांबचं बोलावता येतं, पण काहीच नसताना भाकरी येत नाही. गिरणीवाल्याच्या जिवाला किती थंडावा वाटला असंल बघा. एवढे मोठे जादूगार, पण रानात तंबू ठोकून राहिले तर उपाशी.

हॅरी पॉटर माझ्याकडं आला तो मुलीमुळं. ती सहावीत असताना तिनं कुणाकडून तरी 'हॅरी पॉटर आणि परीस' आणलं होतं. परत द्यायच्या आदल्या दिवशी तिला ताप भरला आणि शेवट मला वाचून दाखवावा लागला. शेवट वाचला म्हणून सुरुवात वाचली. जिन्याखालच्या कपाटात झोपणारं, मावशीच्या घरातलं नकोसं पोरगं. असं पोरगं आमच्या गल्लीत होतं, आणि आम्ही सगळ्यांनी ते बघितलं होतं. ह्यावर जास्त लिहीत नाही, ते आता मोठं झालंय आणि माझ्याच गिरणीवर दळण आणतं.

इथपर्यंत वाचनाची मजा झाली. आता घराकडं वळायचं कसं, त्याच्या माझ्या दोन युक्त्या आहेत.

पहिली फळाची. वेताळाच्या गोष्टींची सुरुवात बहुतेक जण घाईत वाचतात, कारण वेताळ अजून यायचा असतो. त्रिविक्रमसेनाला एक भिक्षू रोज दरबारात येऊन एक फळ देतो. राजा ते न बघताच कोषाध्यक्षाकडं देतो. असं दहा वर्षं. एक दिवस एक माकड येतं, राजा सहज ते फळ त्याला देतो, माकड दातानं फोडतं आणि आतून रत्न पडतं. मग कोषागारात बघतात तर जुनी फळं कधीच कुजून गेलेली आणि खाली रत्नांचा ढीग.

तर एक आठवडा ध्यान द्या: रोज आपल्या हातात कोण काय देतं, जे आपण न उघडता पुढं सरकवतो? वहीत लिहा, डोक्यात ठेवू नका. माझी यादी लहान निघाली. त्यात एक होती ताकाची बाटली. माझी माय रोज दुपारी मुलाच्या हातून गिरणीवर ताक पाठवते. मला ताक आंबट लागतं, म्हणून मी ते शेजारच्या पंक्चरवाल्याला देऊन टाकायचो. कितीतरी वर्षं. यादीत लिहिल्यावर त्या दिवशी म्हणलं चाखून बघू. आंबट नव्हतंच. पंक्चरवाल्याला विचारलं तर तो म्हणला, "त्यात भाजलेलं जिरं अन् हिंग असतो की. तुमच्या पित्तासाठी. तुमच्या मायनंच सांगितलं मला एकदा. तुम्हाला माहीत नाही?" मायला माहीत होतं की ताक तोच पितो. तरी ती जिरं भाजतच होती. मी घरी जाऊन काही बोललो नाही. आता अर्धी बाटली मी पितो आणि अर्धी त्याला, कारण त्याचाही हक्क झालाय.

पण सावध करतो, प्रत्येक फळात रत्न नसतं. माझा मेव्हणा रोज पहाटे पाचला मोबाइलवर फुलांचं चित्र अन् सुविचार पाठवतो. ते फळ मी महिनाभर मन लावून फोडलं. आत फळच होतं.

दुसरी युक्ती घड्याळाची, आणि ती जरा जपून करायची. हॅरी पॉटरच्या चौथ्या भागात हॅरीच्या मित्राच्या, म्हणजे वीझली कुटुंबाच्या घरातलं घड्याळ आहे. त्याला नऊ काटे: आईबाप आणि सात लेकरं. आकडे नाहीतच. आकड्यांच्या जागी लिहिलंय घर, शाळा, कामावर, प्रवासात, हरवलेला, दवाखाना, तुरुंग. आणि जिथं बारा असतात तिथं 'जिवाला धोका'. घरातली आई अधूनमधून त्याच्याकडं बघत असते.

मी जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागं थाळी ठेवून गोल काढला. काटे जाड पुठ्ठ्याचे, मधे टाचणी. मी, बायको, माय, मुलगी (ती आता संभाजीनगरात औषधाच्या दुकानात कामाला आहे), मुलगा, आणि पुण्याचा धाकटा भाऊ. जागा लिहिताना आपल्या घराच्या लिहा, पुस्तकातल्या उतरवू नका. मी लिहिल्या: घर, गिरणी, शेत, कॉलेज, एसटीत, दवाखाना, आणि 'फोन उचलत नाही'. बारावर बराच वेळ काही सुचेना. शेवटी लिहिलं 'कर्ज'.

आठ दिवस रोज रात्री काटे फिरवायचे, बस. पहिल्या तीन दिवसांतच मला एक गोष्ट खटकली. सगळ्यांचे काटे फिरत होते, मायचा काटा 'घर' सोडून हलतच नव्हता. मुलगा म्हणला, "आज्जीचा काटा चिकटवून टाकू का?" मला ते बरं वाटलं नाही. घर म्हणजे कुठं? म्हणून रविवारी गिरणी बंद असताना दुसरं घड्याळ काढलं, फक्त घराचं: चूल, न्हाणी, देवघर, अंगण, गच्ची, खाट. आणि सकाळपासून एकट्या मायचा काटा फिरवत बसलो. साडेपाच ते साडेनऊ ह्या चार तासांत तो काटा एकोणतीस वेळा फिरला. खाटेवर एकदाच, तेही वाती वळायला. वय शहात्तर. माझा स्वतःचा काटा त्या चार तासांत तीनदा हलला, आणि त्यातला एकदा चहा मागायला चुलीकडं.

हे बघून लगेच कोणाच्या पाया पडायची गरज नाही. मी मायला "तू बस आता" म्हणालो तर ती चिडली. "बसून काय करू, तुझं घड्याळ बघू?" आम्ही एवढंच केलं की पाण्याचा माठ न्हाणीजवळून चुलीजवळ आणला. काट्याचे सहा-सात फेरे वाचले.

भावाचा काटा मात्र अवघड. विहिरीच्या पाळीवरून आमचं बोलणं दोन वर्षांपासून बंदच आहे म्हणा ना. त्याचा काटा मी 'फोन उचलत नाही' वर ठेवला होता. बायको भाकरी थापता थापता म्हणली, "ते उचलत नाहीत हे तुम्हाला कसं कळलं? तुम्ही लावला का कधी?" मी गप. मग तीच पीठाच्या हातानं उठली आणि माझा काटा गिरणीवरून काढून त्याच्या काट्याशेजारी नेऊन ठेवला. त्या पुठ्ठ्यावर तिच्या बोटाचा ज्वारीच्या पिठाचा ठसा अजून आहे. पुढच्या गुरुवारी मी फोन लावला. त्यानं उचलला. सोयाबीनचा भाव, त्याच्या पोराची परीक्षा, एवढंच बोललो, विहिरीचं नाव दोघांनीही काढलं नाही. चार मिनिटं. मग लाइट आली आणि दळणं पडली होती.

जपून करायची म्हणालो ते ह्यासाठीच. घड्याळ पाहुण्यांपुढं टांगू नका. आणि घरात नुकतंच कोणी गेलं असेल तर सध्या राहू द्या. माझे वडील जाऊन बरीच वर्षं झाली, तरी काटे कापताना मी एक जास्तीचा कापला होता. तो खिशात ठेवून दिला आणि धुण्यात गेला.

काही बारीकसारीक सांगतो. एका बैठकीत एकच गोष्ट वाचा, विशेषतः कथासरित्सागर. त्यात गोष्टीच्या पोटात गोष्ट, तिच्या पोटात आणखी एक, आणि दुसऱ्या दिवशी कोण कोणाला सांगत होतं हे विसरतं. मी पुस्तकाच्या शेवटच्या कोऱ्या पानावर पेन्सिलनं लिहून ठेवतो: पोपट सांगतो, राणी ऐकते. पुस्तकाला प्लास्टिकचं कव्हर घाला. गिरणी नसली तरी घाला, आपल्याकडं उन्हाळ्यात धूळ पिठापेक्षा बारीक असते. लेकरांना वाचून दाखवल्यावर "ह्यातून काय बोध घेतला?" असं विचारू नका. माझ्या पोराला मी एकदा विचारलं, तर त्यानं पुढचे दोन महिने गोष्ट ऐकायला नकार दिला. विचारायचंच असेल तर विचारा, तुला त्यातलं काय चोरावं वाटतं? मुलगी म्हणली होती, न दिसणारा झगा. कशाला, तर शेजारच्या काकूंच्या पेरूसाठी.

आणि घरात जे वाचत नाही त्याला सांगून बघा. मला पुस्तक कितपत समजलं हे मायला सांगितल्यावर कळतं, कारण ती मधेच असं काही विचारते की माझी वाचलेली पानं परत उघडावी लागतात. गुणाढ्याची गोष्ट तिला सांगत होतो. पैजेत हरला म्हणून त्यानं संस्कृत, प्राकृत आणि देशी अशा तिन्ही भाषा सोडल्या, रानात गेला, पिशाचांची भाषा शिकला, शाई नव्हती म्हणून स्वतःच्या रक्तानं सात वर्षांत सात लाख श्लोक लिहिले. राजानं ते पिशाचांच्या भाषेतलं म्हणून परत पाठवलं. मग गुणाढ्यानं कुंड पेटवलं आणि एकेक पान मोठ्यानं वाचून त्यात टाकू लागला. रानातली हरणं, डुकरं, सगळी जनावरं चारा सोडून गोल करून रडत ऐकू लागली. तिकडं राजा आजारी पडला. वैद्य म्हणाले, सुकं मांस खाल्ल्यानं. स्वयंपाक्यांना जाब विचारला, त्यांनी शिकाऱ्यांकडं बोट दाखवलं, शिकाऱ्यांनी सांगितलं की जनावरं खातच नाहीत, एक बामण पानं वाचून जाळतो ते ऐकत बसतात. राजा धावत गेला तोवर सहा लाख जळाले होते. एक लाख उरले.

माय तांदूळ निवडत ऐकत होती. म्हणली, "म्हणजे बोलणी पहिल्यांदा स्वयंपाक्यालाच बसली."

मी म्हणलं, हो.

"अन् जळालेलं ते कुणालाच माहीत नाही?"

म्हणलं, जनावरांनी ऐकलं होतं की.

तिनं सुपातले खडे अंगणात फेकले, गोठ्याकडं एकदा बघितलं आणि म्हणली, "तरीच आपली गाय दूध काढताना एवढी ऐकल्यासारखी उभी राहते."